फुफ्फुस वाट्याला आलेला माणूस

सरांना कोणी विचारलं की तुम्ही फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच का काम करता, तर विचारणाऱ्याची थोडी निराशा होत असे. वर्तमानपत्रवाले, कॉलेजची मुलं, कसल्याशा उद्घाटनाला आलेले पाहुणे, सगळ्यांना वाटे की यामागे खोकून खोकून गेलेली एखादी आई असणार, नाहीतर विड्या ओढणारा बाप. सर सांगत, "आई म्हातारी होऊन गेली. वडील अजून रोज सकाळी देवळापर्यंत चालत जातात. मी पीएच.डी.ला लागलो तेव्हा आमच्या प्राध्यापकांनी अवयव वाटून दिले. एकाला यकृत मिळालं, एकाला जठर. फुफ्फुस माझ्या वाट्याला आलं."

एवढं बोलून ते थांबत. पुढे काहीतरी थोर येईल म्हणून समोरचा वाट बघत राही. काही येत नसे.

मी गोव्यातल्या मये गावची. बायोटेक्नॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले आणि आमच्या घरी ज्याला 'तुयेची कंपनी' म्हणत तिथे नोकरीला लागले. ती कंपनी नव्हती. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका धर्मादाय संस्थेने सरांना प्रयोगशाळेसाठी एक शेड दिली होती. एका बाजूला गोळ्या पाकिटांत भरायचा कारखाना, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या बादल्यांचा. दुपारी तिन्हीकडची माणसं एकाच गाड्यावर पाव-भाजी खायला जमत. बादल्यांकडच्या बायका मला विचारायच्या, तुमच्याकडे काय बनतं? मी सांगितलं, काही बनत नाही, नुसतं बघतात. हे उत्तर सरांना इतकं आवडलं की पुढे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते ऐकवत, आणि ते माझं आहे हेही न चुकता सांगत.

बघायचं ते असं. फुफ्फुसातली गाठ तपासायला हॉस्पिटलात तिचा एक तुकडा काढतात आणि मेणाच्या छोट्या वडीत बसवून ठेवतात. निदान झाल्यावर उरलेल्या वड्या, रोग्याची संमती असेल तर, आमच्याकडे येत. त्यांच्यावर नाव नसे, क्रमांक असे. कोणता क्रमांक कोणाचा ते फक्त हॉस्पिटलातल्या पॅथॉलॉजीच्या मॅडमना ठाऊक. आम्ही त्या वडीचे केसाहून पातळ काप काढायचो, मेण विरघळवायचो, आतल्या पेशींतला डीएनए वेगळा करायचो आणि त्याची अक्षरं वाचायचो. कुठलं बदललंय, कुठलं गळलंय. या रोगाच्या एका प्रकारात एका ठरावीक जनुकातली काही अक्षरं गळलेली सापडतात. जन्मात विडी-सिगारेटला हात न लावलेल्या बायकांत हे जास्त. आणि ती गळलेली सापडली, तर त्या गाठीवर चालणारी गोळी आहे. रोग मुळातून जात नाही, पण माणसाला बरेच दिवस मिळतात, कधी वर्षंही. आपल्या पेडणे-डिचोलीकडच्या बायकांत हे किती प्रमाणात आहे, हा सरांचा प्रश्न होता.

काप काढायचं काम त्यांनी शेवटपर्यंत दुसऱ्या कोणाला पूर्णपणे सोपवलं नाही. मेणाचा काप म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याहून हलका. वारा लागला की उडतो. त्यामुळे त्या वेळी पंखा बंद, एसी बंद, दार बंद. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये सर बनियनवर पांढरा कोट घालून यंत्राशी बसत आणि आम्ही भोवती घाम गाळत उभे राहायचो. कोणी सुस्कारा टाकला तर ते मान न वळवता म्हणत, "फुफ्फुसाचं काम चाललंय, स्वतःचं जरा आवरा." काप नीट निघून कोमट पाण्यावर तरंगला, की ते कोटाच्या बाहीने कपाळ पुसत आणि पंखा लावायची परवानगी देत. त्या पंख्याच्या वाऱ्याइतकं सुख मला नंतर कुठल्याही एसीत मिळालं नाही.

अक्षरं वाचायची त्यांची वेगळी तऱ्हा होती. डीएनएची अक्षरं चार. संगणक ती रंगीत रेघांत दाखवतो आणि खाली लिहूनही देतो, पण महत्त्वाची जागा आली की सरांना ती मोठ्याने वाचून हवी असे, एकाने वाचायची आणि दुसऱ्याने ताडून बघायची, पोथी वाचल्यासारखी. ऐकण्यात चूक नको म्हणून त्यांनी चारही अक्षरांना नावं दिली होती. ए अबोलीचा, टी तवशाचा, जी गणपतीचा, सी सुंगटाचा. आमच्याबरोबर पार्से गावची एक मुलगी होती, ती सोमवार-गुरुवार पाळायची. गणपतीच्या मागोमाग सुंगट, म्हणजे कोळंबी, म्हणायला तिची जीभ वळेना. तिने सरांना सुचवलं की सीला साखरेचा म्हणू या. सरांनी विचार केला आणि नाही म्हणाले. "साखर बोलताना शाखर होते, साकर होते. सुंगट कोणीही चुकीचं म्हणत नाही." सी सुंगटाचाच राहिला.

त्यांचा सगळ्यात मोठा राग एका शब्दावर होता. आपल्याकडे कोकणीत 'म्हाका दिसता' म्हणजे 'मला वाटतं'. मराठीत दिसतं ते डोळ्यांना. आम्ही सगळे दोन्ही भाषा मिसळून बोलणारे, त्यामुळे "सर, या नमुन्यात बदल आहे असं मला दिसतं" असं आमच्या तोंडून सहज जायचं. मग ते काम थांबवून विचारत, "दिसलं, की वाटलं?" वाटलं म्हटलं तर रागावत नसत. फक्त दिसलं म्हणून वाटलेलं सांगितलं तर त्यांना चालत नसे. ही सवय त्यांना घरीही होती. त्यांच्या पत्नी पेडण्याच्या शाळेत शिकवायच्या. त्या एकदा मला म्हणाल्या, "यांना आमटी कशी झालीय विचारलं तर म्हणतात, एका घासावरून सांगता येणार नाही. जेवण संपल्यावर सांगतात. तोवर माझा विचारायचा उत्साह गेलेला असतो."

गाडी त्यांच्याकडे नव्हती. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, तिथून पुढे कुठल्या वाड्यावर, असे ते बस बदलत जात. मी स्कूटर आणते म्हटलं तर म्हणायचे, बसमध्ये खोकला ऐकू येतो. आणि खरंच, कोणी खोकलं की ते वळून बघत. खोकणाऱ्याला वाटे, हा माणूस आता तोंड वाकडं करणार. ते शांतपणे विचारत, किती दिवस आहे? डॉक्टरांना दाखवलंत? आणि आपण डॉक्टर नाही हेही सांगून टाकत. गावात सगळे त्यांना डॉक्टर म्हणत आणि गुडघे दाखवत. "माझी डॉक्टरकी गुडघ्यापर्यंत उतरत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते त्यांनी इतक्या गंभीरपणे म्हणायचं की गुडघा दाखवणारी म्हातारी त्यांचंच सांत्वन करायची.

घरोघरी माहिती गोळा करायला गेलो की बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, मांडलेल्या खुर्चीवर ते बसत नसत. सरळ स्वयंपाकघरात जात. चूल कुठे होती, गॅस कधी आला, पाणी तापवायची चूल अजून चालू आहे का, धूर कुठून बाहेर जातो. बायका आधी लाजायच्या, मग हसायच्या, मग बोलू लागायच्या. पाणी तापवायच्या चुलीशी पाटावर बसून डोळ्यांतून पाणी येत असताना त्यांनी घेतलेला चहा मला अजून आठवतो. घरातली बाई म्हणाली, बाहेर बसा, धूर लागतो तुम्हाला. सर म्हणाले, "तुम्ही रोज बसता. मला एक कप चहापुरतं बसू द्या."

हे सगळं मी आता गंमत म्हणून सांगते. पण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं जे आहे ते सुर्ल्याला सुरू झालं.

सुर्ल्यात आम्ही बऱ्याच घरांत गेलो होतो. खाणीचं गाव. खनिजाचे ट्रक रस्त्यावरून जातात, झाडांची पानं तांबडी असतात, हे तिथे कोणी कोणाला सांगत नाही. आम्ही घराघरांत फुफ्फुसाबद्दल विचारत फिरलो, तेव्हा गावात बातमी उठली की धुळीने कॅन्सर होतो हे या पेडण्याच्या डॉक्टरला सापडलंय आणि तो लपवतोय. दुसरी बातमी अशी उठली की त्याला काहीच सापडलेलं नाही आणि तो उगीच गावाचं नाव खराब करतोय. शेवटी देवळाच्या मंडपात सभा ठरली आणि सरांना बोलावणं आलं. मी बरोबर गेले.

मंडपात माणसं दोन बाजूंना बसली होती. एकीकडे ट्रक नकोत म्हणणारे, दुसरीकडे ज्यांची चूल ट्रकवर पेटते ते. सरांनी आपलं काम सोप्या भाषेत सांगितलं. ते संपायच्या आधीच एकाने विचारलं, ते सगळं ठीक आहे, पण हा रोग धुळीमुळे होतो की नाही, एवढंच सांगा.

"ठाऊक नाही," सर म्हणाले.

मग दुसऱ्या बाजूने एकजण उठला आणि म्हणाला, म्हणजे धुळीने होत नाही, असंच ना?

सर म्हणाले, "तसंही मी म्हटलेलं नाही. धूळ फुफ्फुसाला वाईटच आहे. पण या रोगाचं कारण तीच, असं म्हणायला माझ्याकडे पुरेसं काही नाही. तीच नव्हे, असं म्हणायलाही नाही."

दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू लागल्या. तुम्हाला काय वाटतं ते तरी सांगा, असं कोणीतरी म्हणालं. वाटतं ते मी माझ्या घरी ठेवून आलोय, असं सर म्हणाले. ते कोणालाच आवडलं नाही. मलाही त्या वेळी आवडलं नव्हतं.

गलका कमी होईना, तेव्हा ट्रकवाल्यांच्या बाजूचा एक माणूस उठून उभा राहिला. आत्माराम त्याचं नाव. मूळचा दोडामार्गाकडचा, सुर्ल्यात येऊन स्थायिक झालेला, स्वतःचा ट्रक स्वतः चालवणारा. त्याची बायको सुलोचना आजारी आहे हे गावाला ठाऊक होतं, म्हणून लोक गप्प झाले. तो खनिज वाहून जगत होता आणि घरी बायको छातीच्या रोगाने झुरत होती. धुळीबद्दलचं कुठलंही उत्तर त्याला नकोच असणार, हे मला फार नंतर सुचलं. त्याने धुळीबद्दल विचारलंच नाही.

"माझ्या बायलेच्या छातीतलो तुकडो तुमच्याकडे असा," तो म्हणाला. "कागदार सही करून ती इली. धुळीचां तुमका ठावक नाय, बरां. पन त्या तुकड्याचां काय केलात? तां तरी तुमका ठावक असात मां?"

सर त्याच्याकडे वळले. मग म्हणाले, "नावं आमच्याकडे नसतात. त्यामुळे तिचा कुठला ते मला सांगता येणार नाही. आलेल्या तुकड्यांतले काही आम्ही तपासले. काही इतके लहान होते की त्यांतून काही निघेल असं वाटलं नाही. ते बाजूला ठेवलेत."

"बाजूक म्हणजे खंय?"

"फडताळात."

मंडपात कोणी हसलं नाही. आत्माराम उभाच होता. सर म्हणाले, "परत बघतो. सगळे बघतो." तेव्हा तो खाली बसला आणि सभाही तिथेच संपल्यासारखी झाली.

परतीच्या बसमध्ये सर खिडकीशी बसून होते. म्हापसा आल्यावर म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. आपण वाटलं म्हणून बाजूला ठेवले. बघितलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून फडताळातल्या वड्या बाहेर निघाल्या. बायोप्सीचा तुकडा आधीच तांदळाच्या कणीएवढा, त्यातला बराच भाग निदानालाच संपलेला, आणि टिकवण्यासाठी फॉर्मालिनमध्ये ठेवल्याने डीएनएचे बारीक बारीक तुकडे झालेले. त्यासाठी वेगळी पद्धत बसवावी लागली. ती बसेपर्यंत पाऊस सुरू होऊन संपतही आला. दर थोड्या दिवसांनी वीज जायची आणि चाललेलं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागायचं. सर चिडत नसत. पण त्या काळात त्यांनी पाहुण्यांना माझं ते 'बघतात'वालं उत्तर सांगणं बंद केलं, हे माझ्या लक्षात आलं.

याच दिवसांत एकदा आत्माराम आपल्या बायकोला घेऊन तुयेला आला. सरांनीच निरोप पाठवला होता की काय चाललंय ते येऊन बघा. सुलोचना बारीक झाली होती, पण केसांत फूल माळून आली होती. दारात चप्पल काढू लागली. सर म्हणाले, घालूनच या, इथे काच पडते. त्यांनी तिला यंत्रं दाखवली, पाण्यावर तरंगणारा काप दाखवला आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एक काच ठेवून तिला खुर्चीवर बसवलं. रंग दिलेल्या काचेत पेशी गुलाबी आणि जांभळ्या दिसतात. तिला आधी आपल्याच पापण्या दिसत होत्या. मग एकदम दिसलं आणि ती स्थिर झाली.

"हो माझो काय?" तिने डोळा न काढता विचारलं.

"ठाऊक नाही," सर म्हणाले. "असू शकेल. नसेलही."

"कोणाचो का असाना," ती म्हणाली. बराच वेळ बघत राहिली. "रंग बरो असा. माका वाटलां काळो असतलो."

आत्मारामने बघायला नको म्हटलं. तो दाराशी उभा राहून शेजारच्या कारखान्यातून निघणाऱ्या बादल्यांच्या चवडी बघत होता. जाताना सुलोचनाने पार्सेच्या मुलीला आपल्या केसांतलं फूल काढून दिलं. का दिलं ते कोणी विचारलं नाही.

त्या वड्यांतल्या बहुतेकांत काही निघालं नाही. एकीत निघालं. पार्सेची मुलगी वाचत होती, मी ताडत होते, आणि एका जागी तिच्या वाचनातून अक्षरांचा एक गट निसटला. ती थांबली, मागे गेली, पुन्हा वाचलं. पुन्हा तिथेच. सर शेजारच्या टेबलावरून उठून आले. त्यांनी विचारलं नाही की दिसलं की वाटलं. स्वतः बसून वाचलं. मग म्हणाले, आपल्या हातून दुसऱ्या नमुन्याची भेसळ झाली असेल, वडीतून नवा काप घेऊन माझ्या हाताने पुन्हा करतो. वडीत काप निघण्याइतकं जेमतेम उरलं होतं. त्या दिवशी पंखा बंद करायला कोणाला सांगावं लागलं नाही. पुन्हा तेच निघालं.

आता इथे अडचण होती आणि ती सरांनीच करून ठेवलेली होती. संमतीच्या कागदावर एक वाक्य होतं की संशोधनातला निकाल रोग्याला कळवला जाणार नाही. आमची प्रयोगशाळा संशोधनाची. रोग्याला अहवाल देण्याची आम्हाला मान्यता नव्हती. चुकीचा निकाल कोणाच्या हातात पडून चुकीचं औषध सुरू होऊ नये म्हणून सरांनी ते वाक्य स्वतः घातलं होतं आणि मराठीत ते मीच लोकांना वाचून दाखवायचे. वाक्य शहाणपणाचं होतं. पण ज्या बाईचा तो तुकडा होता तिच्या हॉस्पिटलातल्या कागदावर बहुधा 'तुकडा अपुरा, तपासणी होऊ शकली नाही' एवढंच असणार, आणि ती जिवंत असेल तर साधं केमो घेत असणार.

पार्सेची मुलगी म्हणाली, सर, मॅडमना फोन करून नाव विचारू या आणि तिच्या घरी जाऊ या. सर म्हणाले नाही. ती रडली. सर तिला म्हणाले, "नियम मी लिहिला. चुकीचा लिहिला. पण चुकीचा नियम गुपचूप मोडला तर तो तसाच राहतो."

त्यांनी हॉस्पिटलच्या नीतिसमितीला अर्ज केला. समितीची माणसं वेगवेगळ्या ठिकाणची, बैठक जमायला वेळ लागणार. सर सकाळी पेडण्याहून निघून हॉस्पिटलात जाऊन बसू लागले. पॅथॉलॉजीच्या बाहेरच्या बाकावर, छत्री मांडीवर आडवी धरून. कोणाशी भांडले नाहीत, कोणाला घाई करा म्हणाले नाहीत. कोणी विचारलं की सांगत, "मी समितीची वाट बघतोय. माझ्यापेक्षा घाई असलेलं एक माणूस आहे. त्याला ती ठाऊक नाही, म्हणून मी बसलोय." मॅडम मला पुढे म्हणाल्या, की भांडले असते तर बरं झालं असतं, त्या बाकावरून येता-जाता आम्हाला तोंड लपवावं लागायचं. मॅडमनीच मग एकेकाला फोन करून बैठक लवकर भरवली. समितीने आधीच्या सगळ्या वड्यांसाठी परवानगी दिली आणि पुढच्या कागदांसाठी ते वाक्यही बदललं.

मॅडमनी क्रमांक उघडून बघितला. बाई जिवंत होती. तिला बोलावून नवा तुकडा काढला, मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासून घेतला. तिथेही तेच आलं. गोळी सुरू झाली. मॅडमनी सरांना फोनवर एवढंच सांगितलं, आणि सरांनी एवढंच विचारलं. ती कोण, कुठल्या गावची, आम्हाला आजतागायत ठाऊक नाही. डिचोलीच्या बाजारात एखादी बाई माझ्या शेजारी उभी राहून काकड्या निवडत असते, तेव्हा क्वचित मनात येतं. मग मी भाजी घेऊन निघते.

सर आता निवृत्त आहेत. शेड संस्थेने परत घेतली, वड्या हॉस्पिटलात परत गेल्या. त्या नेताना सर टेम्पोत पुढे बसले नाहीत, मागे खोक्यांशी बसले. मी म्हापशाला एका तपासणी केंद्रात नोकरी करते. पार्सेच्या मुलीने पुढे शिकून डॉक्टरेट घेतली, तिच्या वाट्याला स्वादुपिंड आलंय. सरांचा शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यात धुळीबद्दल एकच वाक्य होतं, की याबाबत निष्कर्ष काढण्यास आधार अपुरा आहे. सुर्ल्यात दोन्ही बाजूंनी ते आपल्याला हवं तसं वाचलं. सरांना पेडण्याच्या बाजारात मी मध्येमध्ये भेटते. निवृत्ती कशी वाटते, असं एकदा विचारलं. म्हणाले, अजून सुरुवातच आहे.

सुलोचना गेली ती त्या गोळीच्या गोष्टीनंतर थोड्याच महिन्यांनी. तिच्या तुकड्यात काही सापडलं नव्हतं. समितीच्या नव्या नियमाप्रमाणे ते मॅडमनीच आत्मारामला बोलावून सांगितलं होतं. बारावं झाल्यावर सर म्हणाले, आपण भेटून येऊ. मी बरोबर गेले.

अंगणात ट्रक धुऊन उभा केलेला होता. आत्मारामने खुर्च्या बाहेर आणून ठेवल्या. त्या दिवशी सर स्वयंपाकघरात शिरले नाहीत, खुर्चीवर बसले. सुलोचनाची म्हातारी आई आत भिंतीला टेकून होती, आणि आत्मारामच्या मुलीने आम्हाला चहा आणून दिला. बोलण्यासारखं फार नव्हतं. शेवटी आत्मारामनेच विचारलं.

"त्या दिवसा तुमी म्हणालात सगळे तुकडे परत बघतंय. बघितलात?"

"बघितले."

"सुलूक ती गोळी लागू पडणारी नव्हती. डॉक्टरनीन सांगितल्यान माका." त्याने मान वर केली. "दुसऱ्या कोणाच्या तुकड्यात काय गावलां?"

"एकीच्या."

"आमच्या गावची?"

"ठाऊक नाही. विचारलं नाही मी."

"ती असा?"

"आहे. गोळी चालू आहे. मॅडमनी मागच्या आठवड्यात सांगितलं."

आत्मारामने मान हलवली. आपल्या हातांकडे बघत म्हणाला, "मी इचारलंय नसतंय, तर तुमी बघूचा नव्हतात."

"नाही," सर म्हणाले. "फडताळातच राहिले असते."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज ओसरला. मग आत्माराम उठून आत गेला. दार उघडं होतं, त्यामुळे तो म्हातारीच्या कानाशी वाकून मोठ्याने काय सांगत होता ते आम्हाला सगळं ऐकू आलं.

"आये, आयकलंस? आमच्या सुलूच्या तुकड्यार बघून एका बायलमाणसाक औषध गावलां. बरी असा ती."

म्हातारीने काहीतरी विचारलं. तो पुन्हा म्हणाला, "व्हय. सुलूच्याच."

मी सरांकडे बघितलं. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी कप उचलला, चहा निवून साय आली होती, तरी सगळा प्यायले, आणि कप खाली ठेवून म्हणाले, "चला. बस निघेल."